२० हजारांत लिनक्ससाठी काय घ्यावं: टॅब की छोटा लॅपटॉप?

कुलकर्णी काकू (ए-१०२): श्रावणीला संगणक डिप्लोमाला प्रवेश मिळालाय. सी, पायथन या भाषा आणि लिनक्स ही विंडोजसारखी ऑपरेटिंग सिस्टीम लागणार म्हणे. बजेट २० हजार. हलका म्हणून टॅबच घ्यावा असं घरात चाललंय. अँड्रॉइड टॅबवर लिनक्स टाकता येतं ना?

मंदार (सी-४०३): काकू, या कामासाठी अँड्रॉइड टॅब नको. लॅपटॉपला पेनड्राइव्ह लावला की त्यावरून कुठलंही लिनक्स सुरू करता येतं. टॅबला तशी सोय नसते. बूटलोडर (सिस्टीम सुरू करणारा प्रोग्राम) बहुधा लॉक असतो, आणि स्क्रीन, टच, वायफायचे ड्रायव्हर (ते भाग चालवणारे प्रोग्राम) कंपनीने आपल्या कर्नलपुरते, म्हणजे सिस्टीमच्या गाभ्यापुरते, केलेले असतात. लॉक काढला तरी त्या मॉडेलसाठी कुणी खास लिनक्स तयार केलं असेल तरच चालतं. टर्मक्स ॲपवर पायथन आणि सी कंपायलर मिळेल, पण ते सगळं अँड्रॉइडच्या आत.

देशमुख काका (बी-३०१): मग नवा छोटा लॅपटॉप? सेलेरॉन प्रोसेसर, ४ जीबी रॅम, ६४ जीबी स्टोरेज. बजेटात बसतो, वॉरंटीही आहे.

अनघा (ए-६०४): काका, तिथेच पैसे अडकतात. ते ६४ जीबी म्हणजे ईएमएमसी (मोबाइलसारखी स्टोरेज चिप), बोर्डवर सोल्डर केलेली. रॅमही बहुतेकदा तशीच. ब्राउझर आणि व्हीएस कोड (कोड लिहायचं ॲप) एकत्र उघडले की ४ जीबी भरते, मग सगळा भार त्या मंद स्टोरेजवर स्वॅप (रॅमऐवजी वापरलेली जागा) म्हणून जातो आणि मशीन रखडतं. पुढे काहीच वाढवता येत नाही. वायफायही पाहा. रिअलटेक आरटीएल-८८२१सीई ही चिप असेल तर जुन्या कर्नलवर ते दिसतच नाही, नव्यावर दिसलं तरी कधी कधी तुटतं. इंटेलचं वायफाय असलं की ही कटकट नाही.

शेख सर (बी-२०१): ऑफिसमधून निघालेला वापरलेला लॅपटॉप घ्या, माझं ठाम मत आहे. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ ला इंटेलचा आठव्या पिढीचा किंवा पुढचा प्रोसेसर लागतो. म्हणून सहाव्या-सातव्या पिढीची चांगली मशीन्स ऑफिसं काढून टाकतायत, आणि लिनक्सला तीच उत्तम. थिंकपॅड एक्स-२७० बघा: १२.५ इंच, आय-५, इंटेल वायफाय, टाइप-सी चार्जिंग, दोन बॅटऱ्या (एक आत, एक मागे काढता येणारी). रॅमचा स्लॉट एकच आहे, म्हणून ८ जीबीची एक पट्टी बसवलेलीच मागा. एचपी एलिटबुक ८२० जी-३ ला दोन स्लॉट आहेत.

देशमुख काका: मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला थिंकपॅड एक्स-२८० दाखवतायत, आठव्या पिढीचा. तो जास्त चांगला ना?

शेख सर: वेगाला चांगला. पण त्याची रॅम सोल्डर आहे. ४ जीबीवाला अजिबात नको, ८ किंवा १६ असेल तरच. बॅटरीही फक्त आतलीच.

मंदार: स्क्रीनचं रिझोल्युशन आधी विचारा. एकाच मॉडेलमध्ये १३६६×७६८ आणि १९२०×१०८० दोन्ही येतात. कोड वाचायला १९२०×१०८० वालं हवं.

अनघा: पैसे देण्याआधी दुकानातच तपासा. ८ जीबी पेनड्राइव्हवर लिनक्स मिंटची (लिनक्सचा एक सोपा प्रकार) हलकी एक्सएफसीई आवृत्ती एचर किंवा रूफस या प्रोग्रामने टाकून न्या. थिंकपॅडला एफ-१२ दाबून पेनड्राइव्हवरून सुरू करा, इन्स्टॉल करायची गरज नाही. मोबाइलच्या हॉटस्पॉटला जोडून दहा मिनिटं व्हिडिओ चालवा. आवाज, माइक, कॅमेरा, सगळे यूएसबी पोर्ट, प्रत्येक की बघा. झाकण बंद करा, दोन मिनिटांनी उघडा, स्क्रीन परत आली पाहिजे. टर्मिनलमध्ये (कमांड लिहायच्या खिडकीत) 'यूपॉवर' (upower -d) ही कमांड चालवा. बॅटरीची आत्ताची पूर्ण क्षमता आणि मूळ क्षमता शेजारी दिसतात. ६० टक्क्यांखाली असेल तर नव्या बॅटरीचे पैसे किमतीतून कमी करून घ्या. बोटाच्या ठशाचा सेन्सर चालेल असं धरू नका.

शेख सर: आणि मशीन चालू करताना एफ-१ ने बायोस (मशीनची मूळ सेटिंग) उघडाच. सुपरवायझर पासवर्ड मागितला तर ते मशीन तिथेच सोडा. थिंकपॅडचा हा पासवर्ड बॅटरी काढून जात नाही.

कुलकर्णी काकू: तिला पेनाने आकृत्या काढायला पडदा हवाय, त्याचं काय?

मंदार: मग जुना सरफेस गो बघता येईल, १० इंची आणि इंटेलचाच, त्यामुळे लिनक्स चढतं. ८ जीबी, १२८ जीबी एसएसडी (वेगवान स्टोरेज) असलेलाच घ्या. ४ जीबीवाल्यात पुन्हा ६४ जीबी ईएमएमसी आहे. कीबोर्ड आणि पेन वेगळे विकत घ्यावे लागतात, बॅटरी चिकटवलेली असते, कॅमेऱ्यासाठी खटपट करावी लागते. त्यावर मिंटऐवजी ग्नोम डेस्कटॉप असलेलं फेडोरा हे दुसरं लिनक्स टाका, स्क्रीन फिरवणं आणि टच कीबोर्ड त्यात नीट चालतात. आकृत्यांना झुर्नल++ हे ॲप. तरी प्रोसेसर हळू आहे. माझं मत: एक्स-२७० घ्या, आकृत्यांना वही.

अनघा: घरी आल्यावर टीएलपी हा बॅटरी सांभाळणारा प्रोग्राम टाकून चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवा, दोन्ही बॅटऱ्यांना. बहुतेक वेळ प्लगवर चालणार असेल तर बॅटरी जास्त टिकते. आणि मागचं झाकण उघडायच्या आधी बायोसमध्ये 'आतली बॅटरी बंद' हा पर्याय निवडा, नाहीतर बाहेरची काढली तरी बोर्डात वीज राहते.

कुलकर्णी काकू: मराठी टाइप होईल?

शेख सर: हो. कीबोर्ड लेआउटमध्ये मराठी इनस्क्रिप्ट (देवनागरीची प्रमाण मांडणी) आहे, कगप फोनेटिकही (उच्चारानुसार मांडणी) आहे. इंग्रजी अक्षरांतून मराठी लिहायची सवय असेल तर आयबस हा टायपिंगचा प्रोग्राम आणि त्याचं एम-१७-एन पॅकेज टाका, त्यात मराठी आयट्रान्स मिळेल. शनिवारी दुकानात जाताना पेनड्राइव्ह माझ्याकडून घेऊन जा, तयार करून ठेवतो. पावतीवर सिरियल नंबर आणि रॅम किती ते लिहून घ्या.