क्वार्टरबॅकचा नेम: टक्केवारी बघायची की फिल्म?

थर्ड अँड लाँग
अमेरिकन फुटबॉलच्या एनएफएल लीगमध्ये 'अमक्या क्वार्टरबॅकचे (पास फेकणाऱ्याचे) ६८ टक्के पास पूर्ण' म्हटलं की लोक माना डोलावतात. पण तो आकडा नेम मोजतच नाही, बॉल झेलला गेला का एवढंच मोजतो. रिसीव्हरच्या (पास झेलणाऱ्याच्या) हातातून निसटलेला, सॅक (पास सुटण्याआधीच आडवं पाडलं जाणं) टाळायला बाहेर भिरकावलेला, घड्याळ थांबवायला जमिनीवर आपटलेला, हे सगळे पास अपूर्ण म्हणून क्वार्टरबॅकच्याच माथी. उलट आडव्या पळणाऱ्या रिसीव्हरच्या पाठीमागे पडलेला पास त्याने थांबून, वळून कसाबसा धरला की झाला पूर्ण! झेलल्यावर जे आठ-दहा यार्ड पळता आले असते ते बुडाले, त्याची नोंद कुठेच नाही. क्वार्टरबॅक सॅम ब्रॅडफर्डने २०१६ मध्ये वायकिंग्जकडून ७१.६ टक्क्यांचा तेव्हाचा विक्रम केला. दर पासमागे यार्ड जेमतेम ७, संघ ८-८.

म्हणून फिल्म, म्हणजे सामन्याचं चित्रण, बघा. प्रत्येक पासला खूण करा: छातीवर, पुढे, मागे, उंच, खाली. मग पाय बघा. वजन मागच्या पायावर राहिलं की बॉल उंच सुटतो, आणि उंच सुटलेला बॉल सेफ्टीच्या (सगळ्यात मागच्या बचावपटूच्या) हातात जातो.

आकडेमोड्या
सहमत नाही. खुणा करायला दोघांना बसवा, तासाभरात भांडतील. बॉल मागे पडला की रिसीव्हरनेच रूट (पळायची ठरलेली वाट) चुकवला, हे बाहेरून कसं ठरवणार?

साधी टक्केवारी कच्ची आहे हे मान्य, पण सीपीओई (अपेक्षेपेक्षा किती जास्त पास पूर्ण, हा आकडा) आहे ना. खेळाडूंच्या शोल्डर पॅडमध्ये आणि बॉलमध्ये चिप असते. पास किती लांबचा, जवळचा बचावपटू रिसीव्हरपासून किती दूर, साइडलाइन किती जवळ, अंगावर धावून येणारा कुठवर पोचला, यावरून त्या पासची शक्यता निघते. ४० टक्क्यांचा पास पूर्ण झाला तर खात्यात अधिक ६०, ९० टक्क्यांचा चुकला तर उणे ९०. नुसते स्क्रीन पास (जवळचे, सोपे) फेकून टक्केवारी फुगवणारा इथे उघडा पडतो.

पॉकेटातला
@आकडेमोड्या, ही शक्यता बॉल ज्याच्याकडे गेला त्याच्यापुरती. डावीकडे एक रिसीव्हर मोकळा उभा, क्वार्टरबॅकने दोघांच्या कचाट्यातल्याकडे फेकला आणि त्याने झेलला, तर तुमचं यंत्र त्याला शाबासकी देणार! निर्णय तर चुकलेलाच होता.

नेम आणि निर्णय वेगळे मोजा. एनएफएलचा अंतिम सामना, सुपर बोल ४९ घ्या (फेब्रुवारी २०१५). सीहॉक्स २४-२८ मागे, गोललाइनपासून एका यार्डावर, सेकंड डाऊन (चारपैकी दुसरा प्रयत्न), २६ सेकंद, एक टाइमआउट. त्यांचा क्वार्टरबॅक रसेल विल्सनचा स्लँट (तिरक्या आत घुसणाऱ्या रिसीव्हरकडचा छोटा पास) समोरच्या संघाचा बचावपटू माल्कम बटलरने मध्येच पळवला. 'मार्शॉन लिंचला (बॉल घेऊन पळणाऱ्याला) बॉल का नाही दिला' ही ओरड अजून चालू आहे. पण एवढ्या वेळात उरलेले तीनही डाऊन बॉल घेऊन पळून वापरणं अवघड, एक तरी पास हवाच. अपूर्ण राहिला तर घड्याळ थांबतं. विल्सनने बॉल वेळेवर सोडला. चुकली ती जागा. गोललाइनवरचा स्लँट खाली आणि अंगावर हवा, म्हणजे एकतर आपला झेलेल नाहीतर कोणीच नाही. हा गेला रिसीव्हर लॉकेटच्या पुढ्यात, जिथे बटलर निघालाच होता.

थर्ड अँड लाँग
जागेबद्दल +१. निर्णयाबद्दल नाही. दुसरा रिसीव्हर कर्सने पुढे घुसून बटलरची वाट अडवायची, हा त्या खेळीचा पाया. बचावपटू ब्राउनरने कर्सला जागच्या जागी रोखलं. पाया गेल्यावर बॉल रिसीव्हरच्या पायाशी मारायचा, थर्ड डाऊन शिल्लक होता.

पॉकेटातला
ते ब्राउनरचं रोखणं रीप्लेत संथ करून दिसतं हो. बॉल हातात आल्याबरोबर सोडायची खेळी होती ती, थांबून बघायला वेळ कुठला?

आकडेमोड्या
अवांतर: बिल्सचा क्वार्टरबॅक जॉश ॲलन २०१८ मध्ये ५२.८ टक्के पास पूर्ण, २०२० मध्ये ६९.२. २०२० मध्येच रिसीव्हर स्टीफन डिग्ज बिल्समध्ये आला. यातला नेम किती आणि डिग्ज किती, हे फिल्मवाल्यांनी सांगावं.