वीरगळांच्या त्रिमितीय प्रतिकृती संकेतस्थळावर ठेवण्यासाठी कोणता फाइल-प्रकार आणि कोणते साधन निवडावे?

गावकोश

नमस्कार. आमच्या गावात मारुतीच्या देवळामागे आणि ओढ्याकाठी मिळून अकरा वीरगळ, म्हणजे लढाईत पडलेल्या वीरांच्या स्मरणार्थ उभारलेले कोरीव दगड, आहेत. त्यांपैकी तीन अर्धेअधिक जमिनीत गाडले गेले आहेत, आणि एकावर देवळाच्या पन्हळीचे पाणी वर्षानुवर्षे पडत राहिल्याने मधल्या चौकटीतील अप्सरांचे चेहरे जवळजवळ सपाट झाले आहेत. आणखी काही उरणार नाही या भीतीने आम्ही पाच-सहा जणांनी गेल्या हिवाळ्यात प्रत्येक दगडाची दीडशे ते दोनशे छायाचित्रे घेतली आणि मेशरूम या मुक्त सॉफ्टवेअरमध्ये त्यांच्या त्रिमितीय प्रतिकृती तयार केल्या.

प्रत्येक प्रतिकृती ओबीजे या फाइल-प्रकारात आहे. तिचा पृष्ठभाग सुमारे ६० लाख त्रिकोणांच्या जाळीचा असून सोबत त्यावर रंग चढवणाऱ्या ८१९२ बाय ८१९२ पिक्सेलच्या दोन टेक्स्चर-प्रतिमा आहेत. आधी आम्ही एका ऑनलाइन सेवेवर दोन प्रतिकृती चढवल्या होत्या, परंतु त्या सेवेने मोफत खात्यांची मर्यादा अचानक घटवल्यावर आमच्या शाळेच्या पानावरील चौकटी रिकाम्या दिसू लागल्या. त्यामुळे यापुढे सर्व काही आमच्याच संकेतस्थळावर असावे असे ठरले आहे. पण थ्री-जेएस हे ब्राउझरमध्ये त्रिमितीय दृश्य दाखवणारे साधन वापरून मी स्वतः केलेले पान माझ्या लॅपटॉपवर चालते, आणि फोनवर उघडले की काही क्षणांत आपोआप पुन्हा लोड होते किंवा काळे पडते.

आमची गरज अशी आहे : मुलांना साध्या फोनवर वीरगळ फिरवून पाहता यावा, खालच्या चौकटीतील युद्ध, त्यावरील अप्सरा, वरचे शिवलिंगपूजन आणि माथ्यावरचे चंद्रसूर्य यांवर बोट ठेवताच मराठीत माहिती दिसावी, आणि ग्रामपंचायतीच्या वाचनालयातील एका संगणकावर हेच सारे इंटरनेटशिवाय चालावे. ओबीजे ठेवावे की दुसरे काही? थ्री-जेएस, बॅबिलॉन-जेएस, ए-फ्रेम, मॉडेल-व्ह्यूअर यांपैकी काय घ्यावे? ड्राको या संकोचन-पद्धतीने फाइल लहान केली तर फोनची अडचण सुटेल का?

तिसरी मिती

आधी शेवटच्या प्रश्नाचे उत्तर देतो, कारण अडचणीचे मूळ तिथे नाही. ड्राकोने फाइल उतरवून घ्यायला लागणारा वेळ कमी होतो, पण ती उलगडल्यानंतर ग्राफिक्सच्या मेमरीत जाणारे त्रिकोण तेवढेच राहतात. शिवाय तुमचा फोन मुख्यतः टेक्स्चरमुळे कोलमडत असावा. जेपेग प्रतिमा डिस्कवर पाच-सहा एमबीची दिसली तरी ग्राफिक्स चिपला जेपेग वाचता येत नाही. ब्राउझर ती पूर्ण उलगडून प्रत्येक पिक्सेलमागे चार बाइट या हिशेबाने मेमरीत ठेवतो. ८१९२ बाय ८१९२ म्हणजे सहा कोटी ७१ लाख पिक्सेल, म्हणजे २५६ एमबी. त्यात लांबून पाहण्यासाठी लागणाऱ्या लहान होत जाणाऱ्या प्रतींचा एक तृतीयांश भाग मिळवला की सुमारे ३४० एमबी होतात. तुमच्याकडे अशा दोन प्रतिमा आहेत. साध्या फोनवरचा ब्राउझर एका पानाला एवढी मेमरी देत नाही आणि ते पान बंद करतो, म्हणूनच ते पुन्हा लोड होताना दिसते. हीच प्रतिमा २०४८ वर आणली तर सगळे मिळून २१ एमबी लागतात.

म्हणून माझा सल्ला असा की साधन निवडण्याआधी प्रतिकृती हलकी करावी. ब्लेंडर या मुक्त त्रिमितीय सॉफ्टवेअरमध्ये ६० लाख त्रिकोणांवरून एक लाखापर्यंत खाली या, नवी यूव्ही-मांडणी (प्रतिमेचा कोणता भाग जाळीवर कुठे बसतो याचा नकाशा) करा, आणि मूळ जड प्रतिकृतीवरील उठाव नॉर्मल-मॅपमध्ये, म्हणजे पृष्ठभागाचा उतार रंगांत नोंदवणाऱ्या प्रतिमेत, बेक करून (उतरवून) हलक्या प्रतिकृतीवर बसवा. एक लाखावर आल्यानंतर आकाररेषा किंचित मऊ होते, परंतु घोड्याचा लगाम, वीराच्या हातातील ढाल, अप्सरेच्या वस्त्राच्या चुण्या हे सारे नॉर्मल-मॅपमुळे उजेडाला प्रतिसाद देत राहते, आणि वीरगळासारख्या सपाट फळीवरच्या उठावशिल्पाला ही पद्धत विशेष मानवते. एक लाख त्रिकोणांची जाळी कोणतेही संकोचन न करता साधारण तीन एमबी भरते, तेव्हा तुम्हाला ड्राकोची गरजच उरत नाही. ड्राको उलगडणारा वेगळा कोड पानासोबत उतरवावा लागतो, हा खर्चही त्यामुळे वाचतो.

फाइल-प्रकार निःसंशयपणे जीएलटीएफ घ्यावा, आणि त्यातही सर्व काही एकाच फाइलमध्ये बांधणारे जीएलबी रूप. ओबीजेमध्ये प्रत्येक बिंदूचे निर्देशांक मजकूर म्हणून लिहिलेले असतात, त्यामुळे फाइल अवाढव्य होते आणि वाचायला वेळ लागतो. प्रतिमांची नावे वेगळ्या एमटीएल फाइलमध्ये असल्याने एखादे फोल्डर हलवले की दगड पांढरा पडतो, आणि एकक मीटर की मिलिमीटर हे त्यात कुठेच सांगितलेले नसते. जीएलटीएफमध्ये एकक मीटर आहे, वरची दिशा ठरलेली आहे, आणि पृष्ठभाग किती खरखरीत, किती चकचकीत हेही नोंदवता येते. ब्लेंडरमध्ये २.८ या आवृत्तीपासून जीएलटीएफची निर्यात अंगभूत आहे.

एककावरून एक महत्त्वाचे : छायाचित्रांवरून केलेल्या प्रतिकृतीला स्वतःचे माप नसते. तुम्ही दगडाशेजारी पट्टी ठेवली नसेल तर टेप घेऊन पुन्हा जा, चौथऱ्यापासून माथ्यापर्यंतची उंची मोजा आणि ब्लेंडरमध्ये प्रतिकृती त्या मापाला आणा. हे राहून गेले, आणि उद्या कोणी फोनच्या कॅमेऱ्यातून तो वीरगळ आपल्या अंगणात उभा करून पाहू लागला, तर तो काडेपेटीएवढा किंवा घराएवढा दिसेल.

साधनांबद्दल थोडक्यात सांगतो. ए-फ्रेम मुख्यतः आभासी वास्तवाच्या दृश्यांसाठी आहे, त्याची तुम्हाला गरज नाही. बॅबिलॉन-जेएस उत्तम आहे, पण ते खेळांच्या तोडीचे संपूर्ण इंजिन आहे. एक वस्तू फिरवून पाहणे आणि तिच्यावर माहितीचे ठिपके ठेवणे एवढेच करायचे असेल तर मॉडेल-व्ह्यूअर पुरेसे आहे. ते थ्री-जेएसवरच उभे असून पानात एचटीएमएलचा एक टॅग लिहिला की काम होते.

शिल्पवाचक

तिसरी मिती यांच्या म्हणण्याशी बहुतांशी सहमत आहे, परंतु मॉडेल-व्ह्यूअरबद्दल थोडे थांबून विचार करावा असे वाटते. झिजलेले शिल्प वाचणाऱ्याला दगड फिरवण्यापेक्षा उजेड फिरवण्याची गरज अधिक असते. सकाळी साडेसातच्या तिरप्या उन्हात वीरगळावर जी तलवार स्पष्ट दिसते, ती दुपारी बाराला नाहीशी होते, हे तुम्ही प्रत्यक्ष पाहिलेच असेल. मॉडेल-व्ह्यूअरमधला उजेड भोवतालच्या प्रतिमेतून येतो. वाचकाने एक दिवा डावीकडून उजवीकडे, वरून खाली सरकवत नेण्याची सोय त्यात मुळात नाही. थ्री-जेएसमध्ये दिशादर्शक दिवा आणि दोन सरकपट्ट्या एवढे लिहिले की ते साधते. तुम्ही थ्री-जेएसमध्ये पान केलेच आहे, तर ते टाकून देऊ नका.

पिसा येथील दृश्यसंगणन प्रयोगशाळेने वारसावस्तूंसाठी केलेले थ्रीडी-हॉप हे मुक्त साधनही पाहावे. उजेडाची दिशा बदलणे, अंतर मोजणे या सोयी त्यात तयार आहेत, आणि त्याचा नेक्सस हा फाइल-प्रकार आधी ढोबळ आकार दाखवून मग जवळ जाल तसा तपशील उतरवतो, त्यामुळे ६० लाख त्रिकोणांची मूळ प्रतिकृतीही अभ्यासकांना दाखवता येते. मुलांसाठी हलके पान आणि अभ्यासकांसाठी हे, अशी दोन पाने असायला हरकत नाही.

पन्हळीच्या पाण्याने झिजलेल्या त्या एका दगडासाठी मात्र मी त्रिमितीय प्रतिकृतीवर विसंबणार नाही. तिथे कॅमेरा तिपाईवर स्थिर ठेवून, रात्री, दिवा वेगवेगळ्या कोनांतून धरत चाळीस-पन्नास छायाचित्रे घ्या आणि प्रत्येक वेळी चौकटीत एक काळा चकचकीत गोल ठेवा, म्हणजे त्याच्यावरील तेजाच्या ठिपक्यावरून दिव्याची दिशा काढता येते. एचपी लॅब्जमधील टॉम माल्झबेंडर यांनी २००१ मध्ये मांडलेल्या पद्धतीतून पुढे आरटीआय (रिफ्लेक्टन्स ट्रान्सफॉर्मेशन इमेजिंग) म्हणून रूढ झालेले हे तंत्र पुसट उठावासाठी आणि शिलालेखांसाठी जगभर वापरले जाते. त्याचे फलित त्रिमितीय नसते, पण संगणकावर उजेड हवा तसा वळवता येतो, आणि छायाचित्रांवरून केलेल्या जाळीत गुळगुळीत होऊन हरवणारी मिलिमीटरभराची रेषा त्यात टिकते.

आणखी एक विनंती. वीरगळांवर शेंदूर आणि तेलाचा थर असेल, तर त्याच्या चकाकीमुळे प्रतिकृतीत खड्डे पडतात हे खरे आहे. तरीही तो खरवडू नये. तो गावाच्या पूजेचा भाग आहे आणि त्याखालचा दगड कितपत ठिसूळ आहे हे आपल्याला ठाऊक नसते. लेन्सवर पोलराइझिंग फिल्टर लावून ढगाळ उजेडात छायाचित्रे घेतली तर चकाकी बरीच कमी होते.

गावकोश

दोघांचेही मनापासून आभार. काल एका वीरगळावर प्रयोग करून पाहिला : एक लाख दहा हजार त्रिकोण, रंगाची २०४८ ची एक प्रतिमा आणि नॉर्मल-मॅपची एक. तोच फोन आता अडखळत नाही. उजेडाची सरकपट्टीही जोडली, पण एक विचित्र गोष्ट दिसली. दिवा डावीकडे नेला तरी वीराच्या डाव्या बाजूची सावली जात नाही. शिवाय ठिपक्यावरचे शब्द थ्री-जेएसच्या मजकूर-भूमितीने लिहिले, तर 'शिवलिंग' या शब्दातील वेलांट्या भलत्याच जागी जातात आणि 'युद्ध' मधले जोडाक्षर फुटते. फॉन्ट बदलूनही काही फरक पडला नाही.

तिसरी मिती

ती सावली छायाचित्रांतलीच आहे. उन्हात छायाचित्रे घेतली की सूर्याची सावली टेक्स्चरमध्ये रंग म्हणून कायमची उतरते, आणि नंतर तुम्ही ठेवलेला दिवा तिच्याशी झगडत राहतो. संपादनात ती थोडी उजळता येते, पण खरा उपाय म्हणजे सावलीत पुन्हा छायाचित्रे घेणे. दगडावर ऊन येण्यापूर्वी सकाळी जा, किंवा दोघांनी पांढरी चादर वर ताणून धरा. पाऊस पडून गेल्यावर मात्र दगड पूर्ण वाळू द्या, कारण ओला दगड चकाकतो. याच कारणाने २०२३ पासून चर्चेत असलेले, छायाचित्रांतून असंख्य रंगीत धूसर ठिपक्यांनी दृश्य उभे करणारे गाउसियन स्प्लॅट तंत्र मी तुम्हाला सुचवले नाही. त्यातून दिसणारे दृश्य थक्क करणारे असते, पण उजेड त्यात गोठलेला असतो, आणि मोजता येईल असा पृष्ठभाग त्यात नसतो.

अक्षरांचा दोष फॉन्टचा नाही. थ्री-जेएसची मजकूर-भूमिती एकेक वर्ण सुटा घेऊन शेजारी शेजारी ठेवते. ऱ्हस्व वेलांटी साठवताना व्यंजनानंतर येते आणि दिसताना आधी यावी लागते, जोडाक्षरासाठी दोन व्यंजने मिळून वेगळाच आकार निवडावा लागतो. हे काम करणारी यंत्रणा तिथे नाही, ती ब्राउझरच्या मजकुरात आहे. म्हणून मराठी मजकूर नेहमी एचटीएमएलमध्येच लिहावा आणि थ्री-जेएससोबत येणारा सीएसएस-टू-डी रेंडरर वापरून तो प्रतिकृतीवरील बिंदूला बांधावा. अक्षरे शुद्ध दिसतात, शोधता येतात, आणि ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठी पडदावाचक ती वाचूनही दाखवतो. मराठी पानांवर प्रतिमेत भाजलेला मजकूर पाहिला की मला फार वाईट वाटते.

दस्तऐवज

उशिरा लिहीत आहे, पण टिकाऊपणाबद्दल कोणी फारसे बोलले नाही म्हणून लिहितो. १९९७ मध्ये व्हीआरएमएल हा त्रिमितीय दृश्यांचा फाइल-प्रकार आंतरराष्ट्रीय मानक झाला तेव्हा वेबवरच्या त्रिमितीचा प्रश्न सुटला असे वाटले होते. पुढे शॉकवेव्हमध्ये त्रिमिती आली, युनिटीचे प्लगइन (ब्राउझरला वेगळे जोडावे लागणारे सॉफ्टवेअर) आले, आणि ब्राउझरांनी प्लगइन नाकारल्यावर ती सारी पाने मुकी झाली. फ्लॅश २०२० च्या ३१ डिसेंबरला थांबले. गूगलचे पॉली हे त्रिमितीय प्रतिकृतींचे संकेतस्थळ २०२१ च्या ३० जूनला बंद झाले. २०११ मध्ये आलेले वेब-जीएल हे ब्राउझरमधले त्रिमितीय चित्रणाचे तंत्र प्लगइनशिवाय चालते, म्हणून ते टिकले. आता त्याच्या पुढचे वेब-जीपीयूही आले आहे, पण साध्या फोनांवर पोहोचायचे असेल तर सध्या वेब-जीएलवरच राहा.

जीएलटीएफची दुसरी आवृत्ती २०१७ ची आहे आणि २०२२ मध्ये ती आयएसओ मानक झाली, त्यामुळे ती निवड योग्यच आहे. तरीही जीएलबी ही दाखवण्याची प्रत समजा. जतन करायची ती मूळ छायाचित्रे, कॅमेऱ्यातून आली तशीच, कोणत्याही दुरुस्तीशिवाय. त्यांच्या सोबत ६० लाख त्रिकोणांची प्रतिकृती, आणि एका साध्या मजकूर-फाइलमध्ये दगडाची जागा, मोजलेली उंची, तारीख, छायाचित्रकारांची नावे आणि वापराची परवानगी. दहा वर्षांनी अधिक चांगले सॉफ्टवेअर येईल आणि त्याच छायाचित्रांतून आजच्यापेक्षा नेमकी प्रतिकृती निघेल. तोवर दगड आणखी झिजलेला असेल.

थ्री-जेएस वापरताना 'नेहमी सर्वांत नवी आवृत्ती' असा दुवा पानात देऊ नका. २०२३ मधील १५२ व्या आवृत्तीत रंगांचा आणि १५५ व्या आवृत्तीत दिव्यांच्या तीव्रतेचा हिशेब बदलला, आणि तसे दुवे दिलेली कितीतरी पाने एका रात्रीत फिकी किंवा अंधारी दिसू लागली. तुम्ही ज्या आवृत्तीवर काम केले तिची प्रत प्रतिकृतींशेजारीच ठेवा.

वाचनालयातल्या संगणकासाठी हे तर अनिवार्यच आहे. तिथे दोन गोष्टींवर अडायला होते. पानाच्या फाइलवर नुसते दोनदा क्लिक केले तर ब्राउझर सुरक्षेच्या नियमामुळे जीएलबी उघडू देत नाही, म्हणून पायथॉनचा एका ओळीचा सर्व्हर संगणक सुरू होताच चालू होईल असे करा. आणि पुढे कधी ड्राको किंवा केटीएक्स-२ या संकोचित प्रकारातील टेक्स्चर वापरलेत, तर ती उलगडणाऱ्या फाइलीही त्याच फोल्डरमध्ये ठेवा. मॉडेल-व्ह्यूअर त्या एरवी गूगलच्या सर्व्हरवरून आणते, आणि इंटरनेट नसेल तर प्रतिकृती दिसतच नाही. बसवण्याआधी नेटवर्कची तार काढून, ब्राउझरची साठवण पुसून, एकदा पूर्ण तपासा.

गावकोश

मूळ छायाचित्रे माझ्या एकाच हार्डडिस्कवर आहेत हे वाचताना लक्षात आले. आजच दुसरी प्रत शाळेतल्या संगणकावर ठेवतो. येत्या रविवारी टेप, दोन चादरी आणि तिपाई घेऊन सकाळी सहाला ओढ्याकाठच्या चार वीरगळांपासून पुन्हा सुरुवात करणार आहोत. पन्हळीखालच्या दगडासाठी काळा चकचकीत गोल किती मोठा असावा, आणि दिवा दगडापासून किती अंतरावर धरावा?

शिल्पवाचक

चौकटीच्या छायाचित्रात गोलाचा व्यास निदान दोन-अडीचशे पिक्सेल भरेल एवढा तो असावा. एका चौकटीसाठी लहान बेअरिंगचा गोळा काळा रंगवून चालतो, संपूर्ण दगडासाठी मोठा लागेल. दिव्याचे अंतर चौकटीच्या कर्णाच्या तिप्पट-चौपट ठेवा आणि ते प्रत्येक कोनात सारखेच राहावे म्हणून दिव्याला सुतळी बांधा. तिचे दुसरे टोक एकाने चौकटीच्या मध्याजवळ धरायचे आणि छायाचित्र घेण्यापूर्वी बाजूला घ्यायचे. सुतळी दगडाला घासू देऊ नका.