तुमच्या बुलबुलबद्दल
ताई, मांजराच्या तोंडातून सोडवलेला बुलबुल संध्याकाळी पपई खाऊन सकाळी गेलेला दिसला, हे वाचून फार वाईट वाटलं. ‘माझंच काहीतरी चुकलं’ हे मात्र मनातून काढा. तुम्ही लगेच डॉक्टरांकडे नेलं होतंत. मांजराच्या तोंडात पाश्चुरेला नावाचे जिवाणू असतात. पिसांखालची टाचणीएवढी जखम दिसतही नाही, पण ते रक्तात भिनले की औषध चालू असूनही पाखरू बऱ्याचदा हाती लागत नाही. शिवाय पक्षी आजार शेवटपर्यंत लपवतात, कारण अशक्त दिसला की शिकारी त्यालाच धरतो. मांज्यात अडकलेली आमची साळुंकीही अशीच गेली. आदल्या दिवशी खांद्यावर बसून माझं कानातलं ओढत होती! ‘एवढंसं पाखरू, त्याचं काय रडायचं’ म्हणणाऱ्यांना म्हणू द्या. तुम्ही पोटभर रडा, आणि त्याचं खोकं आवरायची घाई करू नका.