मदत हवी आहे: कुंभाराच्या चाकावरच्या वाट्यांना तळाशी चीर जातेय

भाऊबीजेला द्यायला १२ वाट्या करतेय. पुण्यातल्या एका सामायिक कार्यशाळेत दर शनिवारी चाक मिळतं. माती तयार स्टोनवेअरची, म्हणजे जास्त तापमानाला भाजायची. आतापर्यंत ९ वाट्या झाल्या. त्यातल्या ५ सुकतानाच तळाच्या मधोमध चिरल्या, चीर अगदी इंग्रजी एस अक्षरासारखी वळलेली. काठ सगळ्यांचे शाबूत. भट्टीत अजून एकही गेलेली नाही, म्हणजे भाजणीचा दोष नाही.

माती भरपूर मळून घेते. तळ ८ मिलिमीटर, भिंत ५. शेवटच्या तिघींचा तळ लाकडी पट्टीने दाबला, आत साचलेलं पाणी स्पंजने टिपलं, तरी एक गेलीच. फार वाईट वाटलं, तिचा आकार सगळ्यात सुंदर आला होता. वाट्या प्लॅस्टिकखाली झाकून ठेवते, पण पुढच्या शनिवारपर्यंत उघडझाक करायला कोणी नसतं आणि ओल्या वाट्या घरी नेता येत नाहीत. माती बदलणंही शक्य नाही, भट्टी तिथल्या मातीप्रमाणेच लावतात.

तळ दाबताना मधून काठाकडे जायचं की काठाकडून मधे यायचं? आणि काठ धरण्याइतका घट्ट झाल्यावर त्याच दिवशी वाटी पालथी घातली, तर चीर थांबेल का?