चर्चा : ‘मी सीआयएचा मारेकरी होतो’ म्हणणाऱ्या टीव्हीवाल्याचं पुस्तक आत्मचरित्रांच्या यादीत ठेवायचं का?

रामबागकर

इंदूरच्या आपल्या वाचनगटानं येत्या बैठकांसाठी ‘आत्मचरित्र’ हा विषय घेतलाय. यादीत ‘स्मृतिचित्रे’ आहे, गोडसे भटजींचा ‘माझा प्रवास’ आहे आणि तिसरं चक बॅरिसचं ‘कन्फेशन्स ऑफ अ डेंजरस माइंड’. हे तिसरं पुस्तक यादीतून काढावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

ज्यांनी वाचलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. बॅरिस हा अमेरिकन टीव्ही निर्माता. ‘द डेटिंग गेम’ (१९६५) आणि ‘द न्यूलीवेड गेम’ (१९६६) त्याचेच. १९७६ पासून तो ‘द गाँग शो’चा सूत्रधार म्हणून स्वतः पडद्यावर आला. हौशी मंडळी कला दाखवायची, परीक्षकाला असह्य झालं की मोठ्या थाळीवर ठोका पडायचा आणि तिथंच खेळ संपायचा. १९८४ साली आलेल्या पुस्तकात त्यानं लिहिलं, की हे सगळं चालू असताना आपण सीआयएसाठी ३३ माणसं मारली. डेटिंग गेममध्ये जिंकणाऱ्या जोडीला सहल बक्षीस मिळे आणि कार्यक्रमातर्फे सोबतीला कोणी तरी जाई, आपल्याकडे नवरीबरोबर पाठराखीण जाते तसं. ती पाठराखण करण्याच्या निमित्तानं आपण परदेशी कामगिऱ्या उरकल्या, असा त्याचा दावा. सीआयएनं तो साफ नाकारला.

पण सीआयए नाही म्हणते एवढ्यावर मी थांबत नाही. माझा मुद्दा पैशाचा आहे. फ्रँक स्नेप नावाचा सीआयएचा अधिकारी व्हिएतनाममध्ये होता. सायगाव पडल्यावर त्यानं नोकरी सोडली आणि १९७७ साली पूर्वपरवानगी न घेता पुस्तक छापलं. त्यात एकही गुपित फुटल्याचा आरोप सरकारनं केला नव्हता. तरीही १९८० साली अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टानं निकाल दिला, की त्यानं गोपनीयतेचा करार मोडला, सबब पुस्तकाची कमाई सरकारजमा. बॅरिसचं पुस्तक यानंतर चार वर्षांनी आलं. करारावर खरोखर त्याची सही असती, तर इतक्या गाजलेल्या माणसाच्या मानधनावर सरकारनं बोट ठेवलं नसतं का? कोणी हात लावला नाही, कारण लावायला करारच नव्हता.

छत्रीबाग

रामबागकर काका, स्नेपचा दाखला वजनदार आहे, पण त्याला दुसरी बाजूही आहे. खटला भरायचा म्हणजे सरकारला आधी कोर्टात कबूल करावं लागतं, की हा आमचा माणूस होता. स्नेपच्या बाबतीत ते सोपं होतं, तो उघडपणे दूतावासात बसणारा अधिकारी होता. ३३ खुनांची कबुली देणाऱ्याला ‘आमचा’ म्हणून खटला कोण भरेल? म्हणजे गप्प बसण्याची दोन कारणं संभवतात आणि तुम्ही एकच धरलंय.

दुसरं, कागद नाहीत म्हणजे माणूस नव्हता असं होत नाही. माणसांच्या मनावर ताबा मिळवण्यासाठी सीआयएनं केलेल्या ‘एमके-अल्ट्रा’ प्रयोगांच्या फायली १९७३ साली तेव्हाचे संचालक रिचर्ड हेल्म्स यांच्या हुकमानं नष्ट केल्या गेल्या.

आणि करमणूक करणारे लोक हेरगिरीत नव्हतेच असं थोडंच आहे? जोसेफिन बेकर ही नाचगाण्यासाठी प्रसिद्ध बाई दुसऱ्या महायुद्धात फ्रेंच प्रतिकार चळवळीसाठी गाण्याच्या नोटेशनवर अदृश्य शाईनं लिहिलेली माहिती घेऊन सरहद्द ओलांडत होती. मो बर्ग हा बेसबॉलचा खेळाडू. डिसेंबर १९४४ मध्ये तो झुरिकला हायझेनबर्ग या जर्मन शास्त्रज्ञाच्या व्याख्यानाला खिशात पिस्तूल घेऊन बसला होता, जर्मनांचा अणुबॉम्ब कुठवर आलाय ते त्याच्या बोलण्यातून ताडायला. आपल्याकडे बहिर्जी नाईकांचं नाव घेतलं की बहुरूपी डोळ्यांपुढे येतोच. सगळ्या जगाला ज्याचा चेहरा माहीत, त्याच्यावर कोणी संशय घेत नाही. हे आवरण चालतं, हे इतिहासानं दाखवलंय.

तुकोगंज

छत्रीबाग, तुम्ही एमके-अल्ट्राची अर्धीच हकीकत सांगितलीत, उरलेली अर्धी तुमच्या विरुद्ध जाते. फायली नष्ट केल्या हे खरं. पण १९७७ साली जवळपास २०,००० पानं सापडली, कारण ती हिशेबाचे कागद म्हणून वेगळ्या ठिकाणी ठेवलेली होती. कोणाला कशासाठी किती दिले, याची बिलं नष्ट करायची राहून गेली.

याच प्रकरणातला जॉन मलहॉलंड बघा. तो जादूगार, सीआयएचा नोकर कधीच नव्हता. १९५३ साली त्याला पैसे देऊन हातचलाखीची पुस्तिका लिहून घेतली गेली. समोरच्याच्या पेल्यात गोळी किंवा पूड त्याच्या नजरेदेखत कशी टाकायची, हा तिचा विषय. लक्ष दुसरीकडे वेधायचं, हाताला काही तरी साधं काम द्यायचं, काडी पेटवण्यासारखं, आणि खरं काम त्या हालचालीच्या पोटात उरकायचं. त्याचा पत्रव्यवहार उरला, पुस्तिकेची प्रतही उरली आणि २००९ साली ती छापून आली. म्हणजे बाहेरचा, कंत्राटी, मंचावरचा माणूससुद्धा कागदावर उरतो. बेकरला फ्रेंच सरकारनं पदकं दिली. मो बर्ग ज्या ओएसएस या युद्धकाळातल्या अमेरिकन हेरसंस्थेत होता, तिच्या कर्मचाऱ्यांच्या फायली २००८ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागारानं खुल्या केल्या. तुमचीच उदाहरणं घेतली तरी प्रत्येकाचा पुरावा त्याच्या स्वतःच्या पुस्तकाबाहेर आहे. बॅरिसचा पुस्तकाबाहेर काहीच नाही.

आता त्याच्या स्वतःच्या शब्दांबद्दल. १९८४ साली पुस्तक बाजारात आलं तेव्हाच टीव्हीवरच्या मुलाखतीत त्यानं सांगून टाकलं होतं, की आपण मारेकरी नव्हतो. सीआयएकडे एकदा अर्ज केला होता, ते चालू असतानाच दुसरी नोकरी मिळाली आणि टीव्हीत आलो. पुढे २००२ साली जॉर्ज क्लूनीनं दिग्दर्शित केलेला चित्रपट आला, तेव्हा मात्र तो हो-नाही काहीच बोलेना. कोणतं विधान धरायचं? आपल्या १८७२च्या पुरावा कायद्यात कलम ३२ होतं. मृत माणसाचं विधान त्याच्या स्वतःच्या आर्थिक हिताविरुद्ध जाणारं असेल तर ते पुराव्यात घेता येई, कारण आपलं नुकसान होईल असं खोटं सहसा कोणी बोलत नाही. बॅरिस २०१७ साली वारला. पुस्तक विकायच्या वेळी ‘हे खरं नाही’ म्हणणं त्याच्या खिशाविरुद्ध होतं, चित्रपट चालू असताना गप्प राहणं खिशाच्या बाजूचं. मी पहिलं विधान धरतो.

मालवकन्या

तारखा जुळवून पाहण्याबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून लिहिते, कारण गटात हा प्रयोग करायचं ठरतंय आणि त्यात एक हमखास चूक होते. लोक कार्यक्रमाच्या प्रसारणाची तारीख घेतात आणि म्हणतात, ‘त्या दिवशी हा हॉलीवूडमध्ये होता, मग बर्लिनमध्ये कसा?’ हे चूक आहे. असे दुपारचे रोजचे खेळ बहुतेक एका दिवसात अनेक भाग असे चित्रित होतात. कपडे बदलायचे, प्रेक्षक बदलायचे, पुढचा भाग. प्रसारण त्यानंतर कित्येक दिवसांनी. शिवाय १९७६ पर्यंत बॅरिस पडद्यावर नव्हताच, निर्माता होता. तेव्हा प्रसारणाच्या यादीवरून काहीच सिद्ध होत नाही, ना त्याच्या बाजूनं ना विरुद्ध.

करायचंच असेल तर चार रकाने पाडा. पहिल्यात पुस्तकातला प्रसंग आणि गाव. दुसऱ्यात चित्रीकरणाचा दिवस, तोही मिळाला तरच. तिसऱ्यात प्रवासाचा पुरावा: पासपोर्टवरचा शिक्का, विमानाची यादी, नाही तर सोबत गेलेल्या जोडीचं सांगणं. चौथ्यात मेलेला माणूस: नाव, स्थानिक वर्तमानपत्रातली बातमी, पोलिसांतली नोंद. खरी परीक्षा चौथ्या रकान्यात आहे. माणूस मेला की कुठे तरी प्रेत असतं, नातेवाईक असतात, दाखला असतो. बॅरिसचं नाव स्वतंत्रपणे जोडता येईल असा एकही मृत्यू आजवर पुढे आलेला नाही. चौथा रकाना ३३ ओळी कोरा.

याउलट ‘माझा प्रवास’ घ्या. भटजी बायजाबाई शिंद्यांच्या यज्ञाच्या दक्षिणेच्या आशेनं निघाले आणि १८५७च्या बंडात सापडले. लिहिलं पाव शतकानंतर, आठवणीवर. त्यात चुका आहेत, ऐकीव गोष्टी आहेत. पण महूची पलटण १ जुलै १८५७ ला उठली, झाशी एप्रिल १८५८ मध्ये पडली, हे इंग्रजांच्या कागदांत आहे आणि भटजींची वाट त्याला धरून जाते. आणि आत्मचरित्रात दुसऱ्याचा हात कसा फिरतो तेही इथंच दिसतं: १९०७ साली चिंतामणराव वैद्यांनी ते छापताना मजकुरात फेरफार केले, मूळ हस्तलिखिताबरहुकूम आवृत्ती दत्तो वामन पोतदारांनी १९६६ साली आणली. चूक असणं वेगळं आणि रचलेलं असणं वेगळं. यादीत दोन्ही शेजारी ठेवली तर नवा वाचक भटजींवरही अविश्वास दाखवेल, आणि त्याचा मला फार राग येतो.

छत्रीबाग

ताई, चार रकाने मान्य. हिशेबाच्या कागदांबद्दल तुकोगंजांचं म्हणणंही मान्य. बॅरिस मारेकरी होता असं मी म्हणतच नाही. मी म्हणतोय, की पुस्तक यादीत राहू दे, आणि त्याचं कारण आता नीट मांडतो.

पुस्तकाच्या उपशीर्षकातच त्यानं ‘अनधिकृत आत्मचरित्र’ असं लिहिलंय. स्वतःचं चरित्र स्वतःच्याच परवानगीशिवाय! वाचकाला दारातच सांगितलंय, की आत जपून या. आणि टीव्हीचा भाग त्यात आहेच की. एबीसी वाहिनीत असताना बॅरिसला डिक क्लार्कच्या गाण्यांच्या कार्यक्रमावर नजर ठेवायला बसवलं होतं, कारण तेव्हा पैसे घेऊन गाणी वाजवल्याच्या आरोपांची चौकशी चालू होती. १९६२ साली त्यानं लिहिलेलं ‘पॅलिसेड्स पार्क’ हे गाणं गाजलं. हे सगळं ताडून पाहता येतं.

मग हेराचा भाग कशाला? बॅरिसला समीक्षकांनी वर्षानुवर्षं झोडपलं, टीव्हीचा दर्जा यानंच घालवला म्हणून. पुस्तकातला हेर चोरून माणसं मारतो आणि त्याची पाठ थोपटली जाते. तोच माणूस उघडपणे लोकांना हसवतो आणि शिव्या खातो. त्याचा अपमान किती खोल गेला होता, हे त्या रचलेल्या भागातच सगळ्यांत स्पष्ट दिसतं. घटना खोटी असेल, दुखणं खरं आहे. आत्मचरित्रात आपण दुखणंही वाचतोच ना?

रामबागकर

दुखणं कादंबरीतही वाचतो. त्यासाठी ३३ प्रेतं ‘माझ्या हातची’ म्हणून विकायची गरज नाही. १९७५ साली अमेरिकन सिनेटच्या चर्च समितीनं सीआयएचे परदेशी नेत्यांना मारण्याचे कट खरोखर उघडे केले होते: क्यूबाचे कॅस्ट्रो, काँगोचे लुमुंबा, डोमिनिकन प्रजासत्ताकाचे त्रुहियो. विषाच्या गोळ्या, माफियाचे मध्यस्थ, सगळं नोंदलेलं. पुढच्याच वर्षी राष्ट्राध्यक्ष फोर्डनी अशा राजकीय हत्यांना मनाई करणारा आदेश काढला. एवढ्या खऱ्या पापाची चौकशी झाल्यावर आठ-नऊ वर्षांत कोणी तीच गोष्ट पुस्तकाचा मसाला म्हणून वापरतो. लुमुंबांच्या मुलाबाळांनी ते कोणत्या मनानं वाचायचं?

लोकमान्यनगर

ग्रंथालयाच्या बाजूनं सांगते, कारण शेवटी पुस्तक कुठल्या तरी फळीवर ठेवावंच लागतं. पुस्तकं विषयवार आकड्यांनी लावायच्या ड्यूई पद्धतीत चार जागा संभवतात. ९२० म्हणजे चरित्र, ३२७.१२ म्हणजे हेरगिरी, ७९१.४५ म्हणजे टीव्ही, ८१३ म्हणजे अमेरिकन कथा-कादंबरी. ३२७.१२ मध्ये अजिबात ठेवू नये. शीतयुद्धावर निबंध लिहिणारी मुलं तिथूनच संदर्भ उचलतात आणि एकदा तळटीप पडली की पुढचा तिच्यावरून घेतो.

जास्पर मॅस्कलीन या इंग्रज जादूगाराचं असंच झालं. १९४९ साली त्याच्या नावानं पुस्तक आलं, की महायुद्धात आपण अलेक्झांड्रियाचं बंदर लपवलं आणि फिरत्या दिव्यांनी सुएझ कालवा दिसेनासा केला. इजिप्तमधल्या एल अलामेनच्या लढाईआधीची खरी फसवणूक जेफ्री बार्कसच्या छद्मावरण तुकडीनं केली होती: लाकडाच्या चौकटीवर कापड ताणून रणगाड्याचा ट्रक दिसेल असं करायचं, पेट्रोलचे डबे खंदकाच्या कडेला लावून ठेवायचे म्हणजे वरून सावली वाढलेली दिसत नाही. कंटाळवाणं, शेकडो हातांचं काम. पण कित्येक वर्षं लोकांच्या तोंडी नाव राहिलं जादूगाराचं.

माझा प्रस्ताव: बॅरिसचं पुस्तक ७९१.४५ ला ठेवा, सूचीत दुसरी नोंद ८१३ खाली करा. आपल्या यादीत घ्यायचंच असेल तर शेवटच्या बैठकीला, ‘माझा प्रवास’ संपल्यावर, आणि मालवकन्येचा चार रकान्यांचा तक्ता प्रत्येकाच्या हातात देऊन.

छत्रीबाग

शेवटच्या बैठकीला चालेल. पण दुसरी नोंद ९२० खालीही हवी. त्यावर मी हटणार नाही.

रामबागकर

९२० ला माझा विरोध कायम. शेवटच्या बैठकीला माझी हरकत नाही. तक्ता करताना चौथा रकाना सगळ्यांत रुंद ठेवा, आणि तो कोराच छापा.