'इन्कम्बन्सीचा फायदा' मराठीत कसा लिहायचा?

फोंडेकर: निवडणुकीवर लेख लिहितोय, इन्कम्बन्टला, म्हणजे पदावर असतानाच परत उभा राहणाऱ्याला, मराठी शब्द हवा. 'विद्यमान आमदार' चालेल?

डिचोलीकर: चालेल, पण विद्यमान म्हणजे आज खुर्चीत आहे एवढंच कळतं. बोलताना तर आपण सगळे सिटिंगच म्हणतो, 'सिटिंगाचं तिकीट कापलं'. फायदा सांगायचा असेल तर 'प्रस्थापित' बरा, त्यात मूळ धरून बसलेला असा अर्थ येतो. आपल्या गोव्यात ४० मतदारसंघ आणि एकेक इवलासा, त्यामुळे आमदार घराघरात ओळखीचा, कोणाच्या पोराला सरकारी नोकरी लावली, कोणाकडे मयताला गेला सगळं लोकांच्या लक्षात असतं, वर आचारसंहिता लागायच्या आधी रस्त्याला हॉटमिक्स डांबर पडतं आणि कोपऱ्यावर फोटोसकट बोर्ड. समोरच्याने हे सगळं स्वतःच्या खिशातून कसं करायचं? प्रतापसिंह राणे १९७२ ते २०२२ सलग आमदार, मधे मगोतून (महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षातून) काँग्रेसमध्ये गेले तरी सत्तरी तालुक्याने सोडलं नाही.

मडगावकार: मग २०१७ ला पार्सेकर मुख्यमंत्री असून मांद्रेत पडले ते? २०२२ ला दोन्ही उपमुख्यमंत्रीपण पडले. याला सत्ताविरोधी लाट म्हणायचं ना?

डिचोलीकर: २०२२ ला तरी नाही. भाजपला ४० पैकी २० मिळाल्या, सरकार परत आलंच की, मग सत्ताविरोधी कशी? त्या दोन उपमुख्यमंत्र्यांतले आजगावकर पेडण्याचे सिटिंग, ते पेडणे सोडून मडगावात उभे राहिले आणि तिथल्या सिटिंगाने, दिगंबर कामतांनीच, त्यांना पाडलं. पद मोठं असून काय उपयोग, फायदा त्या मतदारसंघापुरता असतो. दुसरे कवळेकर मात्र केप्यात, स्वतःच्याच जागी पडले, २०१९ ला काँग्रेस सोडून गेले होते ते लोकांनी धरून ठेवलं असावं, असं आपलं माझं मत. म्हणून 'सत्ताविरोधी' पक्षासाठी ठेवा, माणसासाठी 'प्रस्थापितविरोधी'.

म्हापशेकार: अमेरिकेत प्रतिनिधीगृहाचे जे मेंबर परत उभे राहतात त्यातले साधारण ९० टक्क्यांवर निवडून येतात म्हणे. तिथे मतदारांना पत्रं पाठवायचा टपालखर्चपण सरकारी!

फोंडेकर: बरं, मथळा 'विद्यमानांना आघाडी' असा करू?

डिचोलीकर: आघाडी नको हो, लोकांना वाटेल नवी युती झाली. 'सिटिंगांचं पारडं जड' लिहा.