.२२ वरून .३०८ वर आले आणि डोळा मिटायला लागला

देवरुखची_नेमबाज

नमस्कार. मी ५० मीटर प्रोन, म्हणजे पालथं झोपून नेमबाजी, करते. .२२ च्या छोट्या काडतुसाच्या रायफलवर स्कोअर बरा येतो. या उन्हाळ्यात घाटावरच्या एका रेंजवर ३०० मीटरसाठी क्लबची .३०८, म्हणजे मोठ्या काडतुसाची रायफल, हातात मिळाली. सुरुवातीच्या गोळ्या सुरेख गेल्या. मग खांदा दुखायला लागला आणि तिथून पुढे प्रत्येक गोळी खाली उजवीकडे. शेजारच्या लेनवरच्या ताई म्हणाल्या, चाप सुटायच्या आधीच तुझा डोळा मिटतो. मला ते जाणवतही नाही.

घरी शेतराखणीची परवान्याची बारा बोर बंदूक आहे. आजोबा म्हणतात, दस्ता खांद्यात घट्ट आवळून धर, मारणार नाही. तसं केलं तर माझा हात थरथरतो आणि माशी (नळीच्या टोकाचा नेमाचा खुंट) निशाण्याच्या काळ्या गोलावर ठरतच नाही. जाड पॅड लावू, मझल ब्रेक (नळीच्या तोंडाला लावायचा, धक्का कमी करणारा तुकडा) बघू, की खांद्याचा व्यायाम करू? ३०० मीटर मला मनापासून करायचं आहे.

हवालदार_सावंतवाडी

बाय, आधी खांदा पूर्ण बरा होऊ दे. निळा पडला असेल तर मोठ्या रायफलला हात लावू नको. दुखऱ्या खांद्यावर दस्ता टेकला की अंग आपसूक चोरलं जातं आणि तीच सवय पक्की होते.

आजोबा सांगतात ते त्यांच्या कामासाठी बरोबर आहे. ते उभ्याने बार काढतात. कंबरेपासून वरचं अंग धक्क्याबरोबर मागे जातं, दस्ता सैल राहिला तर हाडावर आपटतो. पालथं झोपल्यावर कोपरं जमिनीवर रोवलेली असतात, अंग तसं मागे जात नाही. तिथे आवळून काही मिळत नाही, दिशा बघायची. होडी पाण्यात लोटताना माणूस तिच्या बरोबर मागे लागतो, तसं अंग रायफलच्या मागे हवं. .२२ वर तू तिरकी झोपत असशील. चालून जातं, कारण तिथे धक्का नाहीच म्हणायचा. .३०८ वर तिरकेपणा जितका जास्त, तितकी नळी बाजूला उडते.

हिशेब सांगतो, म्हणजे भीती कमी होईल. .३०८ ची गोळी साधारण ११ ग्रॅमची, वेग सेकंदाला ८०० मीटरच्या आसपास. साडेचार किलोची रायफल त्या बदल्यात सेकंदाला अडीच मीटरहून जरा जास्त वेगाने मागे येते. तीच आठ किलोची असेल तर दीड मीटरने. म्हणून क्लबमध्ये जड रायफल मिळत असेल तर तीच माग, पॅडपेक्षा तिचा उपयोग जास्त. आणि गोळी नळीबाहेर पडेपर्यंत रायफल जेमतेम दीड-दोन मिलिमीटर सरकलेली असते. खांद्याला जो दणका कळतो तो गोळी निघून गेल्यावरचा. तुझा नेम दणक्याने बिघडत नाही. दणका येणार म्हणून तू आधीच चापाला हिसका देतेस, त्याने बिघडतो. उजव्या हाताने मारणाऱ्याची गोळी खाली उजवीकडे जाते ती बहुतेक वेळा यामुळेच.

परीक्षा सोपी आहे. बार झाल्यावर चाप दाबलेलाच ठेव आणि माशी कुठे परत येते ते बघ. त्याच काळ्यावर आली तर झोपणं बरोबर. डावी-उजवीकडे जाऊन थांबली तर हाताने ओढून आणू नको, पोट आणि पाय सरकवून सगळं अंग वळव.

डोळ्यासाठी एकच औषध मला ठाऊक आहे. रायफल दुसऱ्याने भरायची, कधी खरं काडतूस, कधी डमी म्हणजे न उडणारं खोटं काडतूस, तुला न सांगता. डमीवर चाप सुटला की नळी खाली झुकताना तुझी तुलाच दिसेल. फौजेत ७.६२ च्या एसएलआर रायफलवर आम्ही नव्या पोरांना असंच शिकवायचो. मात्र हे रेंजवर, प्रशिक्षकासमोरच. अशा दिवशी खरी काडतुसं थोडीच लाव. अंग चोरायला लागलीस की .२२ घे आणि चांगल्या गोळ्यांवर दिवस संपव.

मझल ब्रेकचा विचार सोड. आंतरराष्ट्रीय नियमांत रायफलला तो चालत नाही, शिवाय शेजारच्या लेनवाल्यांच्या कानांचे हाल होतात.

रत्नागिरी_प्रोन

काकांचं पटलं. एक भर घालते, कारण याकडे मुलींच्या बाबतीत फार दुर्लक्ष होतं. क्लबची रायफल बहुतेक वेळा उंच पुरुषाच्या मापाला लावलेली असते. दस्ता लांब असला की तो खांद्याच्या खळग्यात न बसता दंडाकडे सरकतो, आणि मग निळा डाग दंडावर उठतो. तुझा डाग कुठे आहे ते आधी बघ. दंडावर असेल तर दस्त्याची लांबी कमी करून घे. ‘मुलगी आहे, सोसत नाही’ असं कोणी म्हणालं तर ऐकू नकोस.

दुसरं, कान. .३०८ चा आवाज १५० डेसिबलच्या वर जातो. डोळा पुष्कळदा धक्क्याने नाही, आवाजाने मिटतो. कानात फोमचे बोळे आणि वर इअरमफ, दोन्ही लाव. मी तसं सुरू केलं आणि फरक पहिल्याच दिवशी कळला.

देवरुखची_नेमबाज

डाग दंडावरच आहे! आणि कानाला फक्त मफ होते. दस्ता कमी करायला क्लबमध्ये आजच फोन करते. काका, पावसाळ्यात घाट चढून जाणं जमत नाही. तोवर घरी माझ्या .२२ वर कोरडा सराव, म्हणजे काडतूस न घालता चाप ओढणं, केला तर चालेल?

हवालदार_सावंतवाडी

चालेल, पण तुझ्या .२२ ला कोरड्या सरावाची सोय आहे का ते आधी विचार. काही .२२ मध्ये रिकामा चाप ओढला की आतली पिन चेंबरच्या (काडतूस बसतं त्या जागेच्या) कडेवर आदळून कड खराब करते. सोय नसेल तर डमी घालूनच कर. काडतुसं दुसऱ्या खोलीत कुलपात, चेंबर डोळ्यांनी आणि बोटाने तपासायचा, नळीसमोर पक्की भिंत. रोज थोडा वेळ पुरे. चाप सुटल्यावर माशी हलली का, एवढंच बघ.

आणि पावसात रायफल बंद पेटीत ठेवून देऊ नको. आपल्याकडच्या खाऱ्या दमट हवेत नळीला गंज धरायला वेळ लागत नाही. पुसून तेलाचा हात दे. पुन्हा रेंजवर जाशील तेव्हा बार काढण्याआधी नळीतलं तेल कोऱ्या कापडाने साफ काढ, नाहीतर पहिली गोळी भलतीकडे जाईल आणि तू उगाच खांद्याला दोष देशील.